राऊथचा तक्ता आणि तापलेली पट्टी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कंट्रोल सिस्टीम्सचा पहिला कोर्स तापणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीपासून सुरू करावा, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. परीक्षेत राऊथ (सिस्टीम स्थिर आहे का ते समीकरणाच्या सहगुणकांच्या तक्त्यावरून सांगणारी कसोटी), रूट लोकस आणि बोडे प्लॉट (सिस्टीमचं वर्तन दाखवणारे आलेख) विचारतात, पट्टीला मार्क नाहीत. जे पट्टीवर दिसतं ते सायलॅब या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्येही फुकट दिसतं. आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या दमट हवेत असली किट्स एका पावसाळ्यात गंजून जातात.

आधी तुमचं बरोबर आहे तिथून सुरुवात करतो. राऊथ एका तासात उरकता येईल असं लेखात लिहिलं, ते चुकीचं होतं. पहिल्या स्तंभात शून्य येणं आणि अख्खी ओळ शून्य होणं हे दोन प्रकार नीट समजायला किमान तीन तास लागतात. पण पट्टीमुळे राऊथ मागे पडतो हे मात्र पटत नाही. राऊथचा तक्ता कुठवर खरं सांगतो, ते कळायला पट्टीइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

आकडे घेऊन बघू. पट्टी १०० बाय १०० मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, वजन साधारण ८० ग्रॅम. तिच्यावर १० ओहमचा ॲल्युमिनियम-बॉडी रेझिस्टर, १२ व्होल्टवर १४.४ वॅट. ड्यूटी (हीटर किती टक्के वेळ चालू) ३० वरून ५० टक्क्यांवर नेली आणि तापमान १३ अंशांनी वाढून स्थिरावलं, तर गेन ०.६५ अंश प्रति टक्का. वाचन हलायला लागल्यापासून वाढीचा ६३ टक्के टप्पा ३३० सेकंदांत गाठला, हा टाइम कॉन्स्टंट. स्टीलच्या नळीतला सेन्सर पहिले २० सेकंद हलतच नाही, तो डेड टाइम.

आता नुसता प्रपोर्शनल कंट्रोलर लावा, म्हणजे हव्या आणि असलेल्या तापमानातल्या फरकाच्या (चुकीच्या) प्रमाणात ड्यूटी देणारा. डेड टाइम विसरलात तर समीकरण पहिल्या घाताचं, आणि लूप गेन (के, म्हणजे कंट्रोलरचा गेन गुणिले पट्टीचा गेन) कितीही वाढवला तरी सिस्टीम स्थिरच. डेड टाइमसाठी पहिल्या घाताचं पादे रूप (डेड टाइमचं अपूर्णांकातलं अंदाजे रूप) घातलं, तर समीकरण ३३००एस² + (३४० − १०के)एस + (१ + के) = ०, आणि राऊथ सांगतो की के ३४ च्या खाली हवा. नायक्विस्टच्या कसोटीने डेड टाइम जसाच्या तसा धरला तर मर्यादा येते २६.६. एकाच पट्टीची तीन उत्तरं झाली: अमर्याद, ३४ आणि २६.६. कंट्रोलरच्या भाषेत शेवटची दोन म्हणजे एका अंशाच्या चुकीला अनुक्रमे ५२ आणि ४१ टक्के ड्यूटी. मुलांना ४५ लावायला सांगा. तक्त्यानुसार स्थिर, पण पट्टी साधारण ८० सेकंदांच्या आवर्तनाने एक-दीड अंश वरखाली होत राहते.

इथे हमखास एक चूक होते. हेलकावे वाढत नाहीत, एका मापावर थांबतात, म्हणून जर्नलमध्ये ‘सिस्टीम स्थिर आहे’ असं लिहिलं जातं. ते थांबतात कारण हीटर शून्याच्या खाली आणि शंभराच्या वर जाऊ शकत नाही. लिनिअर सिद्धान्त कुठे संपतो, हे मुलाला याच जागी कळतं. ओरलला हाच प्रश्न विचारावा.

सिम्युलेशनबद्दल. सायलॅब हवंच, पण त्यात आपण जे घालतो तेच बाहेर येतं. स्कोगेस्टाडच्या नियमाने या पट्टीसाठी पीआय कंट्रोलर (प्रपोर्शनलच्या जोडीला चुकीची बेरीज करत जाणारा इंटिग्रल) काढा: गेन १२.७, इंटिग्रल वेळ १६० सेकंद. झिग्लर-निकोल्सच्या नियमाने साधारण १८ आणि ६५ सेकंद येतात, तो बराच झोके घेतो. आता ३० अंशांवरून ६० चा सेटपॉइंट द्या. हीटर पूर्ण चालू असूनही तिथे पोचायला जवळजवळ पावणेचार मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात इंटिग्रल २६५ टक्क्यांच्या आसपास साठतो. ६० अंश टिकवायला लागतात फक्त ४६ टक्के. म्हणून पट्टी ६० ओलांडून वर जात राहते. उपाय सोपा आहे. आउटपुट ० किंवा १०० ला टेकलेलं असेल आणि चूक त्याच दिशेची असेल, तर बेरीज थांबवायची. मॉडेलमध्ये सॅच्युरेशनचा (आउटपुटला ० ते १०० ची मर्यादा घालणारा) ब्लॉक टाकला तर हे सायलॅबही दाखवेल. पण तो टाकायला हवा हे पट्टी पाहिल्याशिवाय सुचत नाही.

सेन्सरच्या खोडी तर कुठल्याच मॉडेलमध्ये नसतात. डीएस१८बी२० या डिजिटल तापमान सेन्सरला १२ बिटचं मोजमाप पुरं करायला पाऊण सेकंद लागतो. चालू केल्यावर पहिलं मोजमाप पुरं होण्याआधी वाचलं तर ८५ अंश ही सुरुवातीची किंमत मिळते आणि कंट्रोलर हीटर बंद करतो. वायर सुटली तर नेहमीची लायब्ररी −१२७ देते. कंट्रोलरला वाटतं पट्टी गोठली, आणि तो हीटर पूर्ण सोडतो. म्हणून वाचन −१० ते ९० च्या बाहेर गेलं किंवा नेमकं ८५ आलं, तर हीटर बंद, ही ओळ कोडमध्ये पहिल्या दिवशी असलीच पाहिजे.

दमट हवेचा तुमचा मुद्दा खरा आहे, आणि −१२७ चं मूळही बहुतेक तिथेच असतं. खारट हवेत ब्रेडबोर्डच्या क्लिपा आणि जंपरची टोकं काळवंडतात, मग संपर्क अधूनमधून तुटतो. त्यामुळे ब्रेडबोर्ड नकोच. डॉट बोर्डावर सोल्डर करा, वायरी स्क्रू टर्मिनलमध्ये घट्ट बसवा, टोकांना फेरूल लावा. सेन्सरच्या डेटा लाइनला ४.७ किलोओहमचा पुल-अप. हीटर चालू-बंद करणारा मॉसफेट लॉजिक-लेव्हलचाच (५ व्होल्टला पुरता उघडणारा) घ्या, आयआरएलझेड४४एन. दुकानात आयआरएफ५४० हातावर ठेवतात, तो ५ व्होल्टला पुरता उघडत नाही आणि स्वतःच तापतो. गेटला १० किलोओहमचा पुल-डाउन विसरू नका, नाहीतर बोर्ड रिसेट होताना हीटर आपोआप चालू होऊ शकतो. सुटीत सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह. गणपतीच्या सुटीनंतर जेलचा रंग बघून ते तव्यावर मंद आचेवर वाळवून घ्या.

व्होल्टेजची वरखाली तर शिकवायला उपयोगी पडते. हीटरचं व्होल्टेज १२ वरून ११ वर आलं की पॉवर १६ टक्क्यांनी घटते. डोक्यावरचा पंखा लावला की पट्टी थंड होते. डिस्टर्बन्स म्हणजे काय, ते फळ्यावर बाण काढण्याआधी दिसून जातं. नुसत्या प्रपोर्शनलने तापमान खालीच अडकतं, पीआयने परत येतं.

मुलं पुढे कुठे जाणार, हेही बघायला हवं. आंब्याच्या पल्पचे कारखाने आणि मासळीची शीतगृहं इथेच आहेत, आणि तापमानाचे कंट्रोलर तिथे जागोजागी असतात. चिपळूण तालुक्यातल्या पोफळीच्या वीजघराचंच बघा. जलविद्युत टर्बाइनला जास्त पाणी सोडलं की पहिल्या क्षणी पॉवर वाढण्याऐवजी घटते, कारण पेनस्टॉकमधल्या (टर्बाइनकडे येणाऱ्या मोठ्या नळातल्या) पाण्याला वेग घ्यायला वेळ लागतो. हाच तो उजव्या अर्ध्या प्रतलातला झीरो (उत्तर आधी उलट दिशेने नेणारा), आणि वरच्या पादे रूपातही तोच आहे. पट्टी हाताळलेल्या मुलाला हे दोन वाक्यांत सांगता येतं.

राहिला तासांचा हिशेब. पट्टीला प्रॅक्टिकलचे चार आठवडे लागतात, लेक्चरचे नाहीत. लेक्चरमध्ये मी मेसनच्या (सिग्नल फ्लो ग्राफच्या) सूत्राची गणितं निम्मी करीन आणि सेमीलॉग कागदावरचे बोडे प्लॉट सहाऐवजी तीन ठेवीन, त्यातला एक याच पट्टीचा. वाचलेले तास राऊथला. लेखातलं वेळापत्रक तसं बदलतो आहे.