मारुती कुणाचा, फोटो कुणाचा

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की क्युसेकचे आकडे पेपरात येतात, पण नाशिककर पूर मोजतो तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. मागच्या पावसाळ्यात ते छातीला लागलं तेव्हा घाटाजवळच्या एका गच्चीत मी भिजत उभा होतो. कॅमेऱ्यावर छत्री, माझ्यावर काही नाही. फोटो मात्र असा आला, की बायकोनेही चष्मा लावून पाहिला.

मी तो फक्त घरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी तोच फोटो दूधवाल्याने मला दाखवला. "साहेब, काय फोटो काढलाय बघा कुणीतरी!"

मग मी कोपऱ्यात नाव टाकलं. लोकांनी कोपरा कापला. नाव मधोमध टाकलं, तर आत्याचा फोन. "अरे, देवाच्या पोटावर स्वतःचं नाव? पूर ओसरू दे, नारळ फोड आधी." दरम्यान चौकात फ्लेक्स लागला. वर 'गोदामाई, शांत हो', खाली माझा फोटो आणि त्यावर गोल गोल चौकटींत इतके शुभेच्छुक, की मारुतीचं एकच तोंड शिल्लक राहिलं.

फ्लेक्सवाल्या भाऊंना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "मारुती काय तुमचा आहे का?"

या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते चौकात उभं राहून देता येत नाही.

मेहुणा वकील आहे. त्याने १९५७चा कॉपीराइट कायदा काढला. "भाऊजी, मारुती सगळ्यांचा, पण फोटो तुमचा. ज्याने काढला तो कर्ता. नोंदणी केलीच पाहिजे असंही नाही, बटण दाबलं की हक्क लागू. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढला असता, तर वेगळा करार नसताना मालक तो ठरला असता." मला कुणी दमडी दिलेली नव्हती, त्यामुळे इथे माझी बाजू भलतीच भक्कम निघाली.

"आणि मुदत?"

"पूर्वी फोटो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं होती. २०१२च्या दुरुस्तीनंतर तुमची हयात, अधिक पुढची ६० वर्षं."

"म्हणजे मेल्यावर साठ वर्षं हक्क," बायको आतून म्हणाली, "आणि जिवंतपणी?"

जाणूनबुजून उल्लंघन केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद. हे ऐकून मी मनातल्या मनात फॉरवर्ड करणाऱ्यांची यादी केली. निम्मं सासर आत जात होतं. मेहुण्यानेही ते ताडलं असावं, कारण तो घाईने पुराव्याकडे वळला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की तो आकसतो आणि त्यातली कॅमेऱ्याची, तारखेची माहिती गळून जाते. तेव्हा कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल जपून ठेवायची, आणि फोटो जिथे जिथे दिसेल तिथला पुरावा गोळा करायचा.

पहिला पुरावा मिसळीच्या एका हॉटेलात सापडला. अख्खी भिंतभर माझा पूर! कोपऱ्यात पाणी कापलेलं, म्हणजे माझं नाव तिथेच बुडालं. गल्ल्यावरच्या काकांना म्हटलं, हा फोटो माझा. ते एकदम खूश झाले. "असं होय! अरे, साहेबांना तर्री वाढ!" पोऱ्याने रस्सा ओतला, पापड ठेवला, वर दह्याची वाटी. पुढच्या पुराचा जरा उभा फोटो काढा, बेसिनशेजारची भिंत रिकामी आहे, असंही त्यांनी सांगून ठेवलं.

तर्री उत्तम होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी निग्रहाने उठलो, मोबाइल काढला आणि भिंतीवर रोखला.

"ओ साहेब," काका गल्ल्यावरून ओरडले, "इथे फोटो काढायला बंदी आहे. लोक काढून नेतात आणि आपल्या हॉटेलात लावतात!"