मेलेल्या बॅटरीला १२.६ व्होल्ट

मोटारीसाठी नवी बॅटरी घेताना तिच्यासोबत मिळणाऱ्या वॉरंटी कार्डाकडे आपण मुळीच लक्ष देऊ नये. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झालेली असते, दुकानदार प्रसन्न असतो, आणि अशा वेळी त्याला ‘कार्डावर विक्रीची तारीख, बॅटरीचा सिरियल नंबर आणि गाडीचा नंबर लिहून शिक्का मारून द्या’ असे सांगणे म्हणजे तान्ह्या बाळाला पाहायला जाऊन मृत्यूच्या दाखल्याची चौकशी करण्यासारखे आहे. कार्ड कोरेच घरी आणावे. पावती गाडीच्या डॅशबोर्डाखालच्या कप्प्यात ठेवावी, कारण ती बहुधा उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर दिलेली असते आणि बंद गाडीच्या तापात त्या कागदावरची अक्षरे महिन्यामहिन्याने विरत जातात. तिचा फोटो काढून ठेवण्याचा मोह होईल, तो आवरावा. पुढे दावा करायची वेळ येईल तेव्हा आपल्या हाती एक गुळगुळीत पांढरा कागद असेल, आणि दुकानदार तो उजेडात धरून ‘यावर तारीख दिसत नाही, साहेब’ असे अत्यंत खेदाने सांगू शकेल. पावती नसली की पुष्कळ ठिकाणी वॉरंटी बॅटरीवर कोरलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. बॅटरी दुकानाच्या फळीवर जे काही महिने पडून राहिली, ते महिने अशा रीतीने आपण वापरल्याचे धरले जाते. फळीवर बॅटरी आपोआप थोडीथोडी उतरत असते ही गोष्ट वेगळी. परंतु तिच्या त्या विश्रांतीचा हिशेबही आपल्याच खात्यावर पडावा, यात एक प्रकारची आत्मीयता आहे.

वॉरंटीच्या अटी बारीक अक्षरांत छापलेल्या असतात, त्या वाचू नयेत. वाचल्या तर असे कळण्याचा धोका आहे की कार्डावर ठळकपणे छापलेले महिने दोन जातींचे असतात. समजा, एकूण ४८ महिने आहेत. त्यांपैकी पहिल्या २४ महिन्यांत बॅटरी बदलून मिळते आणि उरलेल्या २४ महिन्यांत ‘प्रो-राटा’ नावाची, म्हणजे उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात घटत जाणारी, सवलत मिळते. ही सवलत बहुधा नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर मोजतात. दुकानात कोणीही सहज शिरला, तरी छापील किमतीत त्याला काही सूट मिळतेच. त्यामुळे आपल्या सवलतीचे ३० टक्के आणि त्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या सुटीचे २५ टक्के यांतला जो फरक उरेल, तेवढी आपल्या दोन वर्षांच्या वॉरंटीची खरी किंमत. हे गणित घरी करू नये. ते काउंटरवर उभे राहून, मागे रांग असताना, दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरवर होऊ द्यावे.

आता मूळ विषयाकडे वळतो. बॅटरी मरते ती सकाळी. रात्रभर गारठलेल्या इंजिनातले ऑइल घट्ट झालेले असते, स्टार्टरला अधिक जोर लागतो आणि नेमक्या त्याच वेळी थंडीमुळे बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. किल्ली फिरवावी तर एक कण्हण्याचा आवाज येतो आणि मग नुसती ‘टिक टिक’. जाणते लोक अशा वेळी मल्टिमीटर काढून टर्मिनलवरचा व्होल्टेज पाहतात, आकड्याचा फोटो घेतात आणि कण्हण्याचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवतात. आपण असले काही करू नये. शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून आपली गाडी सुरू करावी आणि दुकान जवळ असले तरी लांबचा वळसा घेऊन, निदान तासभर गाडी चालवून, तेथे पोहोचावे.

या वळशाचे महत्त्व फार आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. गाडीच्या बॅटरीत सहा सेल असतात, पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो आणि सहांची बेरीज १२.६ होते. गाडी चालू असताना अल्टरनेटर सुमारे १४ व्होल्टने बॅटरीत वीज भरत असतो. तासाभराच्या प्रवासानंतर अत्यंत जर्जर बॅटरीच्याही प्लेटांच्या पृष्ठभागावर इतका ताजा चार्ज चढलेला असतो की टर्मिनलवर मीटर टेकवताच १२.६ किंवा त्याहूनही जास्त आकडा झळकतो. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. ‘बघा, साहेब, एकदम सशक्त आहे’, असे दुकानदार मीटर आपल्याकडे वळवून म्हणेल, आणि त्या क्षणी आपणही मान डोलवावी. गाडीचे दिवे काही मिनिटे लावून तो वरवरचा चार्ज उतरवा, मग भार टाकून, म्हणजे तिच्यातून जोराचा प्रवाह खेचून, बॅटरी तपासा, आणि भाराखाली व्होल्टेज किती खाली जातो ते मला दाखवा, असे म्हणणारे गिऱ्हाईक दुकानाची शोभा घालवते.

भार टाकून पाहण्याचा आग्रह आपण धरू नये, याला आणखी एक सभ्य कारण आहे. बॅटरीवर थंडीत इंजिन फिरवण्याच्या क्षमतेचा जो आकडा छापलेला असतो, त्याची एक प्रचलित व्याख्या अशी आहे की उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद तेवढा प्रवाह दिल्यावरही व्होल्टेज ७.२ च्या खाली जाता कामा नये. दुकानात दुपार असते, बॅटरी वळशाने गरम झालेली असते आणि चाचणी काही सेकंदांची असते. इतक्या अनुकूल परिस्थितीत तर आपण स्वतःही शाळेच्या सगळ्या परीक्षांत पहिले आलो असतो. सकाळी सहा वाजता झालेल्या मृत्यूची चौकशी दुपारी दोन वाजता आणि तीही मयताला ताजेतवाने करून करायची, ही पद्धत ज्याने शोधली त्याची बुद्धी वाया गेली असे कोण म्हणेल?

काही बॅटऱ्यांना वर एक गोल काचेचा डोळा असतो. तो हिरवा दिसला की प्रकृती उत्तम, असे मानण्याची रीत आहे. हा डोळा म्हणजे आत बसवलेले छोटे हायड्रोमीटर, अर्थात ॲसिडची घनता दाखवणारे साधन, असते आणि ते सहांपैकी एकाच सेलमध्ये डोकावते, ही बाब दुकानदाराला सांगून त्याला ओशाळवू नये. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत खरे तर प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची घनता वेगळी मोजता येते. चार्ज झालेल्या सेलची घनता साधारण १.२६५ भरते, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा अधिक मागे पडला तर तो गेला असे समजतात. यात वाद घालायला जागाच राहत नाही, म्हणून ही चाचणी कोणी आपण होऊन करत नाही. एखादा सेल आतल्या आत शॉर्ट होऊन बॅटरी १०.५ व्होल्टवर अडकून बसली, तर मात्र दुकानदाराचाही नाइलाज होतो. एवढा उघड मृत्यू आपल्या बॅटरीच्या वाट्याला यावा, अशी प्रार्थना करावी. पण सहसा तसे होत नाही. बहुतेक बॅटऱ्या हळूहळू, प्लेटांवर सल्फेटचे कडक थर चढत, बोलता बोलता मरतात.

‘बॅटरी ठेवून जा, चार्ज करून बघू’, या वाक्याला आपण नम्रपणे होकार द्यावा. यात अन्यायकारक काही नाही, कारण उतरलेली बॅटरी तपासण्याआधी चार्ज करावीच लागते. आपले कौशल्य पुढच्या भागात दिसले पाहिजे. बॅटरी ठेवल्याची पोच मागू नये, तक्रारीचा नंबर मागू नये, आणि तोवर वापरायला दुसरी बॅटरी देता का, असे तर चुकूनही विचारू नये, कारण ती कपाटामागे असते आणि विचारली तर कदाचित मिळते. दोन दिवसांनी दूरध्वनी करावा. ‘मशीनवर लावली आहे’ असे उत्तर येईल. आणखी दोन दिवसांनी बॅटरी परत मिळेल आणि सोबत ‘आता ठीक आहे, पुन्हा त्रास झाला तर या’ असे आश्वासनही मिळेल. आठवड्याने पुन्हा त्रास होईल. आपण पुन्हा जावे, पुन्हा काही लेखी मागू नये. वॉरंटी तारखेवर चालते आणि आपल्या तक्रारी तोंडी चालतात. त्यामुळे अशा तीन-चार खेपांनंतर एके दिवशी दुकानदार कार्ड हातात घेऊन महिने मोजेल आणि ‘अरेरे, गेल्याच आठवड्यात मुदत संपली’ असे म्हणेल. पहिली खेप मुदतीच्या चार महिने आधीची होती, हे आपल्याला माहीत असेल, त्यालाही माहीत असेल. फक्त कागदाला माहीत नसेल.

क्वचित दुकानदार दाव्याकडे गंभीरपणे पाहतो आणि तेव्हा दोष गाडीकडे जातो. प्रामाणिकपणे सांगायचे तर तो दर वेळी खोटे बोलत नसतो. अल्टरनेटर कमी चार्ज करत असेल तर चांगली बॅटरीही उपाशी राहते, जास्त करत असेल तर ती होरपळते, आणि गाडी बंद असताना कुठे वीज झिरपत असेल तर बॅटरी आयती बदनाम होते. बंद गाडीत ५० मिलिॲम्पिअरइतका प्रवाह चालू राहणे सामान्य मानले जाते. तेवढ्यानेही दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास खर्च होतात, आणि मागाहून बसवलेला कॅमेरा किंवा म्युझिक सिस्टिम याच्या कितीतरी पट पिऊ शकते. म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी एखाद्या मेकॅनिककडून अल्टरनेटर आणि बंद गाडीतला प्रवाह तपासून त्याचे आकडे सहीनिशी लिहून घेणे हा शुद्ध आततायीपणा होय. त्याने दुकानदाराचे सर्वांत आवडते वाक्य आपण त्याच्या तोंडून काढून घेतो. ‘आधी गाडीचे वायरिंग बघा’ हे म्हणण्याचे सुख त्याला मिळाले पाहिजे, आणि आपण मेकॅनिककडून परत येईपर्यंत त्याची जेवणाची सुट्टी झालेली असली पाहिजे.

मेकॅनिकने गाडी निर्दोष ठरवली, तर निर्णय ‘कंपनीचा’ होतो. पैसे घेताना काउंटरवर एकच माणूस होता. बॅटरी परत घेताना तेथे कंपनी, वितरक, सर्व्हिस इंजिनिअर आणि त्याचा वरिष्ठ असा मोठा परिवार गोळा होतो, ज्यांतला एकही जण कधी दृष्टीस पडत नाही. आपला व्यवहार याच दुकानाशी झाला होता आणि कार्डावर शिक्का याच दुकानाचा आहे, हे वाक्य अशा वेळी फार उपयोगी पडते. परंतु कार्ड आपण कोरेच ठेवले असल्यामुळे ते म्हणण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.

ज्यांना एवढा प्रवासही नको असेल, त्यांच्यासाठी झटपट मार्ग आहेत. टर्मिनलची पकड सैल वाटली की पाना न शोधता हातोडीने ठोकावी. टर्मिनल तुटले किंवा बाजूला चीर गेली की वॉरंटी तिथेच संपते. बॅटरी बांधून ठेवणारी पट्टी काढून टाकावी, म्हणजे खड्ड्यागणिक हादरे बसून प्लेटांवरचा लेप गळत राहील. पाणी कमी झाले तर डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचे घालावे. यांतले काहीच जमले नाही, तर घरची गाडी आहे असे सांगून प्रवासी वाहतुकीच्या गाडीत बॅटरी बसवावी आणि अटींमधले व्यावसायिक वापराबद्दलचे ते एक कलम प्रत्यक्ष अनुभवावे.

येथे थोडे विषयांतर होते, पण राहवत नाही. १९१२ साली कॅडिलॅकने आपल्या मोटारींना विजेवर चालणारा स्टार्टर बसवला आणि पुढे उभे राहून हँडल मारण्याच्या, प्रसंगी मनगट मोडून घेण्याच्या कष्टांतून मोटारवाल्यांची हळूहळू सुटका झाली. ते कष्ट नाहीसे झाले अशी माझीही बरीच वर्षे समजूत होती. ते दुकानाच्या काउंटरवर स्थलांतरित झाले आहेत, हे मला दुसऱ्या बॅटरीच्या वेळी कळले.

इतके सगळे करूनही दावा मंजूर होण्याची आपत्ती ओढवलीच, तर एक शेवटची संधी हातात असते. मंजुरी लेखी येण्याआधीच जुनी बॅटरी दुकानात सोडून द्यावी. तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे शिसे असते, ते वितळवून पुन्हा वापरात येते, आणि आपला एकमेव पुरावा सिरियल नंबरासकट एखाद्या भट्टीकडे रवाना होतो. दुसऱ्या दिवशी ‘कोणती बॅटरी?’ असा प्रश्न आला तर गोंधळून जाऊ नये.

आणि बॅटरी बदलून मिळालीच, तर दुकानदाराचे आभार मानून गाडीत बसावे आणि नवे कार्ड वाचू नये. त्यावर जुनीच तारीख असेल, कारण बदली बॅटरीला बहुतेक वेळा मूळ वॉरंटीचे उरलेले महिनेच मिळतात. आपल्या चार खेपा धरून ते आता दोन असतील. गाडी एका सेल्फला सुरू होईल. जुनी बॅटरी काढताना डॅशबोर्डावरचे घड्याळ बंद पडलेले असते, ते आता पुन्हा शून्यापासून चालू लागलेले दिसेल. ते तेवढे लावून घ्यावे.