"एका अक्षराने काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांसाठी

मुलीच्या नावांबद्दलचा एक मेसेज गेले काही महिने फिरतोय. मला चार जणांनी पाठवला, कारण आमच्या घरात तेव्हा नेमकं हेच चालू होतं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन सारखी नावं आवडली असतील तर जास्त डोकं लावू नका, अर्थ तोच असतो, एका अक्षराने काय होतंय. नाव कॉमन वाटलं तर स्पेलिंग बदला म्हणजे युनिक होतं. दोघी बहिणी असतील तर जुळती नावं ठेवा, लक्षात राहतात. आणि नाहीतरी घरी लाडाचंच नाव चालतं, बाळाला कुठे काय कळतंय. वाचायला बरं वाटतं, झोप न झालेल्या आईबापांना तर फारच, पण यातलं बहुतेक चुकीचं आहे आणि नाव त्या मुलीला जन्मभर वापरायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

"अर्थ तोच असतो." सगळ्यात मोठी गडबड इथेच आहे. अनन्या, अनया, इनाया ही तीन नावं घ्या, पटापट म्हटली तर एकातून दुसरं कधी सुरू झालं कळत नाही. अनन्या म्हणजे जिच्यासारखी दुसरी कोणी नाही. इनाया अरबीतून आलंय, काळजी घेणं, जपणं असा अर्थ. आणि नय म्हणजे नीती, त्याच्या उलट अनय, म्हणजे कोशात बघायला गेलं तर अनीती, वाईट वागणूक. अनया नावाच्या कुणालाही दुखवायला हे लिहीत नाहीये, नावाला मान माणसामुळे मिळतो आणि आज ते एक गोड नाव म्हणूनच ऐकू येतं, पण जे लोक "अर्थ चांगला पाहिजे" म्हणून रात्र रात्र याद्या चाळतात त्यांना हे आधी कळायला नको का? शर्वरी आणि शर्वाणी घ्या. शर्वरी म्हणजे रात्र, तर शर्व हे शंकराचं नाव, त्यावरून शर्वाणी म्हणजे पार्वती, दोन्ही सुंदर पण संबंध काही नाही. वेदा म्हटलं की विद्, म्हणजे जाणणं, आठवतं, आणि वेधा म्हटलं की वेध, म्हणजे नेम साधणं, भोक पाडणं. एवढासा द आणि ध.

सध्या फार ऐकू येणारं कियारा तर बघाच. इटालियन कियारा हे लॅटिन क्लारावरून आलं, अर्थ उजळ, स्वच्छ. आणि त्याच्याच आसपास उच्चार असलेलं, सी ने सुरू होणारं एक आयरिश नाव आहे, त्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ काळा, गडद. मला विचाराल तर दोन्ही अर्थ छानच आहेत, पण एकीकडे उजेड आणि एकीकडे अंधार, तरी म्हणे अर्थ तोच.

हा समज येतो कुठून, तर याद्यांमधून. एकीने लिहिलेला अर्थ दुसरी उचलते, आणि प्रत्येक चौथ्या नावापुढे लक्ष्मी, दुर्गा नाहीतर नुसतं "सुंदर" लिहिलेलं असतं. मी तर आता एवढंच बघते की त्या नावाच्या नात्यातले दुसरे शब्द आपल्याला माहीत आहेत का. अन्विता म्हटलं की अन्वित, अन्वय हे शब्द लगेच सापडतात, म्हणजे जोडलेली, युक्त. इरा म्हटलं की इरावती आणि ऐरावत सापडतात. ज्या नावाला असं एकही नातेवाईक मिळत नाही त्याच्यापुढे काहीही लिहिता येतं.

"एका अक्षराने काय होतंय." इथे आमचीच गोष्ट सांगते. आमच्याकडे शेवटी दोन नावं उरली होती, इरा आणि इला. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर या जोडीत अर्थाच्या बाबतीत मेसेज बरोबर निघाला, दोन्ही शब्द जुन्या संस्कृतात अगदी शेजारी आहेत, पृथ्वी, वाणी असे अर्थ दोन्हींना आहेत, इराला वर पाणी हाही आहे. म्हणजे फरक खरंच एका अक्षराचा. मग आम्ही पंधरा दिवस दोन्ही नावं घरात वापरून बघितली, एक दिवस हे, एक दिवस ते. तिचा दादा तीन वर्षांचा. त्याला र येत नाही, तो रिमोटला लिमोट म्हणतो, त्यामुळे दोन्ही दिवशी तो "इला झोपली, इला ललते" एवढंच म्हणायचा. र हा मुलांच्या तोंडात उशिरा बसणारा आवाज आहे, त्यामुळे इला त्याच्यासाठी सोपं होतं आणि माझं मन जवळपास तिकडेच झुकलं होतं. पण एका रात्री नवऱ्याने फोनवर दोन्ही नावं इंग्रजीत टाइप करून दाखवली आणि इलामध्ये कॅपिटल आय आणि त्याला लागून स्मॉल एल, म्हणजे नुसत्या दोन उभ्या काठ्या आणि पुढे ए, कुठलं अक्षर कुठलं कळेचना. इराचाही घोळ आहे, इंग्रजी बोलणारे ते आयरा वाचतात आणि त्यांच्याकडे ते बहुधा पुरुषाचं नाव असतं, लॅटिनमध्ये तर त्या शब्दाचा अर्थ राग. तरी आम्ही इरा ठेवलं. दादाचा र एकदोन वर्षांत सुटेल, त्या दोन काठ्या मात्र प्रत्येक फॉर्मवर राहिल्या असत्या. तुमचा निर्णय वेगळा येईल, येऊ दे, पण त्या एका अक्षराने काय काय बदलतं हे बघून तरी येऊ दे.

"स्पेलिंग बदला, युनिक होतं." हाक मारताना जास्तीचा ए ऐकू येतो का कुणाला? पाच स्पेलिंगवाल्या पाच मुलींना हाक मारली तर पाचही जणी वळणार. लोकप्रिय नावांच्या याद्या बघूनही फसायला होतं, उदाहरणार्थ अमेरिकेत सरकारी यादीत प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतात, त्यामुळे पीएच वाली सोफिया वेगळ्या नंबरवर आणि एफ वाली वेगळ्या, कानाला मात्र दोघी एकच. म्हणजे नाव कागदावर दिसतं त्यापेक्षा कॉमन असतं, आणि वेगळ्या स्पेलिंगमुळे पदरात काय पडतं तर जन्मभर "नाही, डबल ए" सांगत बसणं.

जुळत्या नावांबद्दल मी जास्त लिहीत नाही, मी आणि माझी बहीण दोघी तेच भोगतोय, फक्त पहिलं अक्षर वेगळं. एकदा तिचा रक्ताचा रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि घरी येईपर्यंत मी घाबरून अर्धी झाले होते. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये 1,700 हून जास्त लोकांच्या उत्तरांवरून दाखवलं की घरातल्या माणसांची नावं आपण मुळातच एकमेकांत मिसळतो, आणि आवाज सारखे असले की त्यात भर पडते. आईचं तर होणारच आहे हे, मग मुद्दाम कशाला वाढवायचं.

आणि शेवटचं, "बाळाला कुठे काय कळतंय." कळतं हो, आणि फार लवकर कळतं. 1995 च्या एका अभ्यासात साडेचार महिन्यांची बाळं स्वतःचं नाव दुसऱ्या नावांपेक्षा जास्त वेळ लक्ष देऊन ऐकत होती, अगदी तशाच ठेक्याच्या नावापेक्षासुद्धा. लाडाचं नाव ठेवा की, आम्हीही ठेवलंय, पण म्हणून खरं नाव कसंही चालेल असं कसं?

आमची इरा आता पाच महिन्यांची झालीये. मागून हळूच इरा म्हटलं की दूध पिताना थांबते, कान देते, मग पुन्हा प्यायला लागते. दादा अजून "इला"च म्हणतो, आणि त्याच्याकडे मात्र ती तो काहीही म्हणाला तरी बघते.