‘मेल’पासून ‘फीमेल’ झालेला नाही

महिला दिन जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो. ‘मेल’च्या आधी दोन अक्षरं लावली की ‘फीमेल’, ‘मॅन’च्या आधी लावली की ‘वुमन’, ‘ही’च्या आधी एक लावलं की ‘शी’. आणि ‘हिस्टरी’ म्हणजे ‘हिज स्टोरी’. कुणी यातून ‘स्त्री पुरुषाला सामावून घेते’ असा गौरव काढतं, तर कुणी ‘पुरुषच मूळ’ असं ठरवून मोकळं होतं. पाया दोघांचाही चुकीचा आहे.

‘फीमेल’ लॅटिन ‘फेमिना’, म्हणजे स्त्री, या शब्दाच्या ‘फेमेल्ला’ या लघुत्वदर्शक रूपातून आला. जुन्या फ्रेंचमार्गे १४व्या शतकात तो इंग्रजीत शिरला. ‘मेल’चं मूळ लॅटिन ‘मास्कुलुस’. दोन्ही शब्दांची घराणी वेगळी. इंग्रजीत ते जोडीने वापरले जाऊ लागले, तेव्हा लोकांनी ‘फेमेल’ या जुन्या रूपाचं स्पेलिंग ‘मेल’च्या वळणावर नेलं. हे साम्य जन्माचं नाही, संगतीचं आहे. ‘फेमिना’चा धातू दूध पिण्या-पाजण्याशी निगडित आहे, आपली ‘धेनु’ त्याच कुळातली.

‘वुमन’मध्ये ‘मॅन’ आहे, हे मात्र खरं. पण कोणता ‘मॅन’? जुन्या इंग्रजीत ‘मन्’ म्हणजे माणूस, मग तो कुणीही असो. बाई म्हणजे ‘वीफमन्’, स्त्री-माणूस. पुरुषासाठी ‘वेर’ हा शब्द होता (संस्कृत ‘वीर’चा नातेवाईक, ‘वेअरवुल्फ’मध्ये, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाच्या नावात, अजून टिकलेला), आणि ‘वॅपमन्’ही होता. म्हणजे ‘मन्’ दोघांनाही जोडलेला होता. पुढे ‘वेर’ लोपला, आणि ‘मॅन’ हळूहळू पुरुषापुरता आक्रसला. अन्याय शोधायचाच असेल तर तो इथे सापडतो: माणूस या अर्थाचा शब्द एकट्या पुरुषाच्या नावावर झाला. मजकुरात नेमकं हेच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ‘वीफ’ही असाच आक्रसून ‘वाइफ’ झाला. आधी तो कोणत्याही स्त्रीसाठी होता.

‘शी’ नेमका कुठून आला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण जुन्या इंग्रजीत ‘तो’साठी ‘हे’ आणि ‘ती’साठी ‘हेओ’ अशी एकाच सर्वनामाची दोन रूपं शेजारी शेजारी नांदत होती. ‘ही’ला एक अक्षर चिकटवून ‘शी’ घडवल्याचा पुरावा नाही.

‘हिस्टरी’चं मूळ ग्रीक ‘हिस्टोरिया’, अर्थ शोध, चौकशी. ग्रीकमध्ये इंग्रजी ‘हिज’ असण्याचा प्रश्नच नाही. शिवाय ग्रीकमध्ये तो शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि त्याच्यापासून आलेला फ्रेंच ‘इस्त्वार’सुद्धा.