चौदावी विधानसभा पेन्सिलीने काढा

राज्यसेवेच्या अभ्यासाला बसला असाल, तर महाराष्ट्राच्या चौदाव्या विधानसभेचं (२०१९ ते २०२४) पान वहीत पेन्सिलीनेच काढा. मी पेनाने काढलं होतं. खोडून खोडून त्याला भोक पडलंय.

पक्षीय बलाबल मात्र बिनधास्त पाठ करा. एकूण २८८ : भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. त्यावरून सरकार कोणाचं, असं मात्र स्वतःलाही विचारू नका.

रोज पहाटे उठायची सवय लावा. २३ नोव्हेंबर २०१९ ला ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आमच्या मेसचा चहा उकळेपर्यंत देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री झालेही होते. सरकार टिकलं जेमतेम ऐंशी तास. मेसवाल्या मावशी उसळ याहून जास्त टिकवतात.

आता पदाधिकारी. यात घोकंपट्टी नको, युक्ती वापरा. विरोधी पक्षनेते कोण? आधी फडणवीस, मग अजित पवार, शेवटी विजय वडेट्टीवार. उपमुख्यमंत्री कोण? अजित पवार, महिन्याभराने पुन्हा अजित पवार, मग फडणवीस, २ जुलै २०२३ पासून फडणवीस आणि अजित पवार दोघंही. त्या दिवशी दादा सकाळी विरोधी पक्षनेते होते, दुपारी उपमुख्यमंत्री. तेव्हा प्रश्न न वाचता या दोन नावांचा पर्याय काळा करा, निम्मे गुण कुठे जात नाहीत. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि त्यांच्यानंतरचे एकनाथ शिंदे तेवढे वेगळे पाठ करावे लागतील.

भूगोल जून २०२२ मधल्या शिंदेंच्या बंडखोर आमदारांच्या मुक्कामांवरूनच करा : सुरत, गुवाहाटी, गोवा. वनसंपत्तीसाठी त्यांच्यातल्या आमदार शहाजीबापू पाटलांची ‘झाडी, डोंगार, हाटील’वाली क्लिप पुरे. सीसॅटच्या, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या कल चाचणीच्या, नातेसंबंधांचीही सोय आहे. ३ जुलै २०२२ ला राहुल नार्वेकर १६४ मतांनी अध्यक्ष झाले. तेव्हा वरच्या सभागृहाचे सभापती होते रामराजे नाईक-निंबाळकर. तर सभापती अध्यक्षांचे कोण? सासरे.

दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी, ऑप्शनला टाका. शिवसेना आणि राष्ट्रवादी, दोन पक्ष उभे फुटले, सुनावण्या झाल्या, जानेवारी आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागले. अपात्र आमदार किती? शून्य. इतकं सोपं उत्तर अंकगणितातही मिळत नाही.

पेनाने लिहावं असं एकच नाव : उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ. मार्च २०२० पासून शेवटपर्यंत तेच. नाना पटोलेंनी राजीनामा दिल्यावर सतरा महिने अध्यक्षच नव्हता, तेव्हाही सभागृह यांनीच हाकलं. मुख्यमंत्री बदलले, पक्ष फुटला, पण यांची खुर्ची हलली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आदिवासींच्या मागण्यांसाठी त्यांनी मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या जाळीवर उडी मारली. तेव्हा सरकारात त्यांचाच पक्ष होता.