भविष्यवेत्ता व्हा: घरबसल्या, बिनभांडवली

नोकऱ्या जाणार, असं हल्ली जो तो सांगतोय. जाणार नाही अशी एकच नोकरी दिसते, ती म्हणजे 'नोकऱ्या जाणार' असं गावोगाव सांगत फिरण्याची. शहाणे असाल तर याच धंद्यात उतरा. पदवी लागत नाही, परवाना लागत नाही, भाकीत चुकलं तर दंड नाही. भांडवल म्हणाल तर एक जाकीट, गालाला चिकटवायचा माइक आणि डिजिटल कॅमेऱ्यापुढे मागे पडलेल्या कोडॅकची स्लाइड. बाकीचं मी शिकवतो. नुकताच अशा एका तज्ज्ञांसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आलोय, त्यामुळे अभ्यास ताजा आहे.

सुरुवात कोडॅकपासूनच करा. मग स्मार्टफोनपुढे हरलेलं नोकिया. लोकांनी दोन्ही शंभरदा ऐकलेलं असतं, पण सत्यनारायणाच्या कथेत साधुवाणी आलाच नाही तर प्रसाद घशाखाली कसा उतरणार? त्यानंतर लंडनची लीद घ्या. 1894 साली म्हणे 'टाइम्स'नं भाकीत केलं होतं की पन्नास वर्षांत लंडनचे रस्ते नऊ फूट लिदीखाली जातील. असा लेख 'टाइम्स'च्या जुन्या अंकांत कुणालाही सापडलेला नाही, पण जुने अंक उघडून बघणारा माणूस आपल्या कार्यक्रमाला येतच नाही.

आता मुदत. वीस वर्षं ही उत्तम मुदत. ऐकणारा घाबरतो आणि वेळ येईपर्यंत विसरतो. 1965 मध्ये एआयवर काम करणाऱ्या हर्बर्ट सायमन यांनी लिहून ठेवलं की माणूस करतो ते कुठलंही काम वीस वर्षांत यंत्रं करू लागतील. 1985 आलं आणि गेलं. मधल्या काळात, 1978 मध्ये, त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. 2016 मध्ये आजच्या एआयचे एक जनक जेफ्री हिंटन म्हणाले, रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापुढे जाईल. आमच्याकडे एमआरआयचा रिपोर्ट अजून डॉक्टरांची सही होईपर्यंत मिळत नाही. हिंटन यांना 2024 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघांनाही ते दुसऱ्या, खऱ्या कामासाठी मिळालं, हे श्रोत्यांना सांगायची गरज नाही. आपले होमी भाभाही 1955 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत बोलून गेले होते की येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा काबूत येईल. ती अजून यायचीय. पण भाभांनी पुढच्याच वर्षी ट्रॉम्बेला 'अप्सरा' अणुभट्टी उभी केली होती. तुम्ही फक्त स्लाइड उभी करायची आहे, तेव्हा ताण घेऊ नका.

शंभर वर्षांची मुदत तर त्याहून सुरक्षित. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1930 मध्ये लिहिलं की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. त्याच वर्षी डेक्कन क्वीन सुरू झाली. ती अजून मुंबईला पोचवते. पंधरा तासांचं विचाराल, तर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी सत्तर तास सुचवले आणि 2025 उजाडताच एल अँड टीच्या अध्यक्षांनी नव्वद.

आकडा द्यायचा तर 47 टक्के म्हणा, 50 म्हटलं की अंदाज वाटतो.

मेटाव्हर्सच्या, म्हणजे कालच्या त्या आभासी दुनियेच्या, स्लाइडवर एआय चिकटवा. चित्र तेच ठेवलंत तरी चालतं.

'कदाचित' हा शब्द तोंडातून निघता कामा नये. फिलिप टेटलॉक नावाच्या अभ्यासकानं 284 तज्ज्ञांची राजकीय आणि आर्थिक भाकितं जवळपास वीस वर्षं टिपून ठेवली आणि 2005 मध्ये हिशेब मांडला. जो तज्ज्ञ जितका प्रसिद्ध, तितकी त्याची भाकितं कच्ची. 'एकीकडे असं, पण दुसरीकडे तसं' म्हणणारे त्यातल्या त्यात बरे निघाले. पण अशा माणसाला कुणी दीपप्रज्वलनाला बोलावतं का?

सरकारशी करार झाला तर सोन्याहून पिवळं. फेब्रुवारी 2018 मध्ये 'मॅग्नेटिक महाराष्ट्र'च्या मांडवात मुंबई–पुणे हायपरलूप, म्हणजे नळीतून सुसाट धावणारी गाडी, जाहीर झालं होतं. पंचवीस मिनिटांत पोचणार होतो. ते बांधणारी कंपनीच 2023 संपता संपता बंद पडली. आपण शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात इंजिन बंद करून बसतोच आहोत.

प्रश्नोत्तरं ठेवू नका. सरांना विमान पकडायचंय, असं आयोजकांना आधीच सांगून ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण परवा आमच्याकडच्या सरांनी नेमकी इथेच चूक केली.

करिअर मार्गदर्शन मेळावा होता. भाचीची सीईटी झालीय, कॅप राउंडचा फॉर्म भरायचाय, ताई म्हणाली मामा म्हणून तूही चल. सर म्हणाले, कोडिंग संपलं. पाच वर्षांत सॉफ्टवेअर इंजिनिअर शोधून सापडणार नाही. हातानं काम करायला शिका, प्लंबर व्हा, इलेक्ट्रिशियन व्हा. टाळ्या. लॉकडाऊन उठल्या उठल्या याच सभागृहात, याच सरांनी, बहुतेक याच जाकिटात सांगितलं होतं: सिव्हिल मेलं, मेकॅनिकल मेलं, कॉम्प्युटर घ्या नाहीतर पोरगं घरी बसेल. तेव्हाही टाळ्या. मोठ्या भाच्याला सिव्हिलला जायचं होतं. पूल दिसला की थांबून बघणारा पोरगा. दाजींनी सरांचं ऐकलं. मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट घेतली, पतसंस्थेचं कर्ज काढलं. आणि सिव्हिल मेलं म्हणतात त्याच वर्षांत इकडे काय चाललं होतं? समृद्धी महामार्ग, 701 किलोमीटर, 2025 मध्ये शेवटचा टप्पा उघडला. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू, जवळपास 22 किलोमीटर. कोस्टल रोड. पुण्यात, नागपुरात मेट्रो. अख्खा महाराष्ट्र खणून ठेवला होता हो! रस्ता ओलांडायला जागा नव्हती, आणि सर आत एसीत बसून सांगत होते की बांधकामाला भविष्य नाही. खिडकी जरी उघडली असती तरी धूळ आत आली असती. पोरगा पास झाला. कॅम्पसला कंपन्या आल्या, टोपलीभर नावं घेऊन गेल्या, मोजक्यांना बोलावलं. आता तो दिवसभर गुगल फॉर्म भरतो आणि 'दोन वर्षांचा अनुभव हवा' वाचतो.

ताईनं माइक मागितला. ओरडली नाही ती. एवढंच म्हणाली, "सर, त्या वेळी तुम्हीच कॉम्प्युटर सांगितलं होतं. आता काय करायचं?"

सर हसले. "ताई, जग बदलतंय. आपण अनलर्न करायला शिकलं पाहिजे."

मग निवेदकानं ताईच्या हातातून माइक घेतला आणि सरांना शाल, श्रीफळ दिलं.

अनलर्न! कर्ज होतं का हो अनलर्न? पतसंस्थेचा वसुलीवाला दारात आला की त्याला कोडॅकची स्लाइड दाखवायची का?

भेंडवळची घटमांडणी माहीत असेल तुम्हाला. बुलढाणा जिल्ह्यात अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती धान्य ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं, पिकांचं भाकीत सांगतात. माझा काडीचा विश्वास नाही. पण ते भाकीत सांगणाऱ्याला त्याच गावात राहायचं असतं आणि कापूस वेचायच्या दिवसात लोकांना तोंड दाखवायचं असतं. अंनिसवाले जुनी भाकितं काढून त्याला जाब विचारतात, आणि विचारायलाच हवा. हवामान खात्याला तर आपण उठता बसता शिव्या घालतो. ते बिचारे मान्सूनच्या पहिल्या अंदाजाबरोबर अधिक-उणे पाच टक्के चूक होऊ शकते, असं स्वतःहून छापतात. जाकीटवाल्या सरांना अधिक-उणे किती, हे एका तरी आयोजकानं कधी विचारलंय? विचारणार कसं, मेळाव्याच्या बॅनरवर खाली ज्या कॉलेजचं नाव होतं, त्याच कॉलेजात यंदा प्लंबिंगचा डिप्लोमा सुरू झालाय. फी बघा एकदा.

आता सरळच बोलतो. पुढच्या वीस वर्षांत काय होणार हे तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नाही. ठाऊक नसणं हा गुन्हा नाही. ठाऊक नसताना सतरा वर्षांच्या पोरांच्या आयांना घाबरवून पैसे घेणं ही बदमाशी आहे, आणि तिला बदमाशीच म्हणायचं. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्ही साखर कारखान्याच्या सभेत काट्यावरून खुर्च्या फेकता, भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून भांडता. मग आठ लाखांच्या सल्ल्यापुढे मान का डोलावता? आजूबाजूला कोण काम करतंय, कुणाला पगार वेळेवर मिळतोय, एवढं चार घरी विचारलंत तरी सरांपेक्षा जास्त कळेल. पोराला काय आवडतं हे त्याला विचारायलाही कुणाची शाल लागत नाही.

सर, तुम्ही पुन्हा येणार आहात म्हणे, दिवाळीनंतर, 'भारत 2047' घेऊन. या. येताना 2021 चा पेनड्राइव्ह आणा. आधी ती स्लाइड लावायची, मग नवी. नसेल सापडत तर दाजींचा हप्ता पाच तारखेला जातो, तो तुमच्या मानधनातून भरून टाका. पावती मी आणून देतो.