गुरुवारी दुपारी तीन वाजता

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एचआरच्या बाईंची मेल आली तेव्हाच माझ्या पोटात गोळा यायला हवा होता. पण दिवाळीचा चिवडा अजून डब्याच्या तळाशी होता आणि मी त्या समाधानात होते. मेलमध्ये लिहिलं होतं की वर्षअखेरच्या कार्यक्रमासाठी समिती नेमली आहे आणि 'वेगळा दृष्टिकोन' हवा म्हणून मला त्यात घेतलं आहे. सगळं ऑफिस धुंडाळून बाईंना वेगळ्या दृष्टिकोनाची तीन माणसं सापडली होती. एक मी. दुसरा अकाउंट्समधला लाहोरचा एक जण. तिसरे स्क्विरल हिलला राहणारे, निवृत्तीला आलेले ज्यू आजोबा. आमचे तिघांचे दृष्टिकोन रोज दुपारी कॉफीच्या मशीनपाशी भेटायचे आणि ते अगदी सारखे असायचे: हे मशीन बदला.

मला अमेरिकेत पिट्सबर्गला येऊन अकरा वर्षं झाली. त्याआधी वसई. वसईचं नाव सांगितलं की नाताळाबद्दल माझा दृष्टिकोन काय असेल ते मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या आळीत दिवाळीला फराळाची ताटं समोरच्या वाडीत जायची आणि नाताळला तीच ताटं कुलकुल, नेवऱ्या आणि केक घेऊन परत यायची. नेवरी म्हणजे करंजीच. आईचं दरवर्षीचं म्हणणं असायचं की आपलीच करंजी नाव बदलून परत आली. समोरची मावशी तेच आमच्या करंजीबद्दल म्हणत असणार. 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगीजांचा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले, पण शब्द ठेवून गेले. तो आम्ही इतका आपला केला की शाळेच्या कॅलेंडरात 'नाताळची सुट्टी' वाचताना कुणाच्या मनात धर्म यायचा नाही, फक्त सुट्टी यायची.

पहिली बैठक नावावर झाली. 'क्रिसमस पार्टी' हे नाव बाईंनी स्वतःच फळ्यावर लिहून स्वतःच खोडलं. मग 'हॉलिडे पार्टी'. ते सगळ्यांना चाललं असतं, पण बाईंच्या वाचनात आलं होतं की हॉलिडे म्हणजे मुळात होली डे, पवित्र दिवस. खोडलं. 'विंटर सेलिब्रेशन' लिहिलं तर भिंतीवरच्या स्क्रीनमधून मेलबर्नची मुलगी म्हणाली, "आमच्याकडे सध्या उन्हाळा आहे." ती बिनबाह्यांच्या टॉपमध्ये बसली होती, त्यामुळे पुरावाही होता. खोडलं. 'इयर एंड' म्हटल्यावर लाहोरकर गंभीरपणे म्हणाला की आपलं आर्थिक वर्ष जूनमध्ये संपतं. हा माणूस विनोद करतोय की नाही ते मला आजवर कळलेलं नाही. तासाभराने फळ्यावर एवढंच उरलं: गुरुवार, दुपारी तीन. तेच नाव पक्कं झालं. निमंत्रणपत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापून आलं, 'थर्सडे अ‍ॅट थ्री'.

आजोबा म्हणाले, "यात नवीन काही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता. आणि तो लावणारे आम्ही नव्हतो, कडक ख्रिश्चनच होते. बावीस वर्षं चालला तो कायदा." त्यांना वाटलं बाई हसतील. बाईंनी वहीत लिहून घेतलं.

बाईंबद्दल मला वाकडं बोलायचं नाही. मला डेंगीसारखा ताप आला होता तेव्हा घरी सूप घेऊन आल्या होत्या. आणि त्यांची काळजी अगदीच हवेतली नव्हती. आजोबांनीच एकदा सांगितलं होतं की शाळेत त्यांना नाताळगीतांच्या रांगेत उभं करायचे, आणि जिथे येशूचं नाव यायचं तिथे ते नुसते ओठ हलवायचे. आठ वर्षांच्या पोराने असं उभं राहणं बरं नव्हे, हे कुणीही मान्य करेल. पण सत्तरीला आलेल्या त्याच आजोबांना आता नाताळबद्दल एकच तक्रार होती. पंचवीस डिसेंबरला ते दरवर्षी चायनीज जेवून सिनेमाला जातात, आणि हल्ली त्या हॉटेलात फार गर्दी असते. हनुकाबद्दल विचारलं तर म्हणाले, "छोटासा सण आहे गं आमचा. तुमच्या नाताळच्या शेजारी राहून राहून फुगला."

"आमचा नाताळ?" मी म्हटलं.

"तुमचा म्हणजे, ज्या कुणाचा असेल त्यांचा."

दुसरी बैठक झाडाची. आता गंमत अशी की याच विषयावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डोकं फोडून घेतलं आहे, आणि तो खटला आमच्या गावचाच. मी नोकरी करते त्या ग्रँट स्ट्रीटवर अ‍ॅलेगेनी काउंटीचं कोर्ट आहे, १८८८ साली पुरी झालेली दगडी इमारत. तिच्या मोठ्या जिन्यावर दर डिसेंबरला गव्हाणीचा देखावा मांडत: बाळ येशू, मेरी, जोसेफ, वर पाटी धरलेला देवदूत. शेजारच्या सिटी-काउंटी बिल्डिंगबाहेर पंचेचाळीस फुटी झाड आणि त्याला लागून अठरा फुटी मेनोरा. मेनोरा म्हणजे आपल्या समईचा लांबचा नातेवाईक, हनुकाचा असेल तर नऊ दिव्यांचा. सरकारी जागेत देव कशाला म्हणून दावा गेला आणि जुलै १९८९ मध्ये निकाल लागला: मेनोरा राहू दे, बाळ येशू उचला. कारण मेनोराला झाडाची सोबत होती, बाळ एकटा होता. त्याआधी पाच वर्षं ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावच्या गव्हाणीला याच कोर्टाने परवानगी दिली होती, कारण तिथे आसपास सांता होता, गाडी ओढणारी हरणं होती, विदूषक, हत्ती आणि अस्वलसुद्धा होतं. वकील लोक याला चेष्टेने 'हरणाचा नियम' म्हणतात. देव एकटा बसला तर धर्म, शेजारी हरीण बसलं तर संस्कृती.

हे वाचलं आणि मला आपल्या तमाम गणेशोत्सव मंडळांबद्दल अभिमान वाटला. मूर्तीच्या डाव्या हाताला चांद्रयान, उजवीकडे 'पाणी वाचवा', समोर हलती गाय आणि मागे बँकेची जाहिरात. आपली मंडळं कुठल्याही कोर्टात सुटतील.

अर्थात हा नियम सरकारला लागू. खाजगी जागेत हवं ते मांडा. आमच्या रस्त्यावरच्या यूएस स्टील टॉवरच्या अंगणात दर डिसेंबरला भलीथोरली गव्हाणी असते, कुणी हूं की चूं करत नाही. आमचं ऑफिसही खाजगीच. मी हे बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण हरीण ठेवलेलं बरं ना?"

तर झाड आलं, हरीण आलं. झाडाच्या शेंड्यावर मात्र काही नाही. देवदूत नको, तारा तर नकोच, कारण तो बेथलेहेमचा. शेंडा बोडका. रिसेप्शनवरच्या काकू, ज्यांची आजी स्लोव्हाकियाहून इथल्या पोलाद कारखान्यांच्या काळात आली होती, येता-जाता त्या शेंड्याकडे असं बघायच्या की जणू घरातलं कुणी टोपी न घालता बर्फात गेलंय. बोलल्या काही नाहीत. अख्ख्या ऑफिसात ज्यांचा हा सण होता त्या काकूंना समितीत कुणी घेतलं नव्हतं. त्यांचा दृष्टिकोन वेगळा नव्हता ना.

मग बाईंची शेवटची मेल. गुरुवारी प्रत्येकाने 'आपापल्या परंपरेतली प्रकाशाशी संबंधित वस्तू' आणावी. इथे माझी पंचाईत झाली. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्याने २०२४ मध्ये दिवाळीला अधिकृत मान्यता दिली आहे. मान्यता आहे, सुट्टी नाही, म्हणजे जावयाला पाटावर बसवून वाढायचं विसरावं तसं. पण त्या मान्यतेपासून ऑफिसात दिवाळीची सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात आहे. पणती नेली तर फायर अलार्म. समई विमानातून आणलेली नाही. राहिला आकाशकंदील. गेल्या वर्षी आईने कुणाबरोबर तरी पाठवलेला, लाल-पिवळ्या कागदाचा, पाच टोकांची चांदणी. घडी घालून कपाटात ठेवला होता.

गुरुवारी तीन वाजता टेबल भरलं होतं. पिट्सबर्गच्या लग्नांत बिस्किटांचं टेबल असतं, घरोघरच्या मावश्या-आत्या भाजून आणतात, अगदी आपल्या फराळासारखं. त्याच चालीवर सगळ्यांनी बिस्किटं आणली होती आणि प्रत्येक ताटापुढे कार्ड: काजू आहे, दूध आहे, अंडं नाही. माझ्या करंज्यांपुढे मी लिहिलं, 'खोबरं. भांडण नाही.' लाहोरकराने केक आणला होता, वर अमेरिकन दुकानातल्या आयसिंगने 'मेरी क्रिसमस' लिहिलेला. "लाहोरलाही दर वर्षी शेजारून यायचा," तो म्हणाला. बाईंनी घाईघाईने पहिला तुकडा कापला, 'मेरी'च्या मधोमध.

मी कंदील उलगडला. बाईंचा चेहरा पडला.

"हा… तारा आहे."

"हो."

"आपण तारा नको म्हटलं होतं."

"हा दिवाळीचा आहे," मी म्हटलं. "हिंदू तारा."

बाईंचा चेहरा असा काही उजळला की कंदिलात बल्ब लावायची गरज नव्हती. हिंदू तारा! म्हणजे धर्म नाही, विविधता! त्यांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं, माझ्या संस्कृतीबद्दल दोन मिनिटं बोलल्या, आणि म्हणाल्या की हा असा कोपऱ्यात टेबलावर ठेवणं बरोबर नाही, याला मानाची जागा हवी. मानाची जागा अख्ख्या हॉलमध्ये एकच होती. लाहोरकराने शिडी धरली, आजोबांनी "थोडा डावीकडे" म्हणून सूचना दिल्या, आणि दिवाळीचा कंदील झाडाच्या बोडक्या शेंड्यावर चढला. रिसेप्शनवरच्या काकू माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "छान दिसतोय तुमचा हिंदू तारा," आणि रुमालाने नाक पुसलं.

बल्ब लावायला मी स्वतः शिडीवर चढले. कागद उजळला आणि आतून, खालच्या टोकापाशी, छापलेली बारीक अक्षरं दिसायला लागली. वसईच्या त्या दुकानात दिवाळीचे कंदील आणि नाताळचे तारे एकाच दोरीवर लटकतात, एका सणात उरलेला माल दुसऱ्या सणात निम्म्या किमतीला जातो, आणि माझी आई निम्म्या किमतीपुढे सण बघत नाही. लाल कागदावर सोनेरी शाईत लिहिलं होतं, 'मेरी क्रिसमस'.

खाली बाई फोटो काढत होत्या. मी ते टोक भिंतीकडे वळवलं आणि उतरले.